डॉक्टर, बाळ सहाशे ग्रॅमचं आहे. काय करू?

रात्री दोन वाजता फोन वाजला की डॉक्टरच्या घरात कुणी दचकत नाही. पण तो फोन घरचाच होता, माझ्या भाचीच्या नवऱ्याचा. "मामा, बाळ झालं. मुलगा आहे. सहाशे वीस ग्रॅमचा. इथले डॉक्टर विचारतायत, व्हेंटिलेटर लावायचा का?"

मी अर्धवट झोपेत होतो, तरी उत्तर द्यायला क्षणही लागला नाही. "विचारतात काय? लावा म्हणावं. जे जे करता येईल ते सगळं करा."

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. ते उत्तर चूकच होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण ते मी विचार न करता दिलं होतं. बाळ किती आठवड्यांचं आहे हे मी विचारलं नाही. भाचीला आधी इंजेक्शनं मिळाली होती का, हे विचारलं नाही. तिला स्वतःला काय वाटतं, हे तर डोक्यातही आलं नाही. घरातला मोठा डॉक्टर म्हणून मला विचारलं होतं आणि मी डॉक्टरसारखं न बोलता घाबरलेल्या मामासारखं बोललो.

मी नवजात बाळांचा तज्ज्ञ नाही, साधा फिजिशियन आहे. माझं रोजचं काम ताप, रक्तदाब, मधुमेह. पण असे फोन आम्हालाच येतात, कारण एनआयसीयूतले डॉक्टर अनोळखी असतात आणि फॅमिली डॉक्टर ओळखीचा. म्हणून हा लेख. यातली वैद्यकीय माहिती सर्वमान्य आहे. मतं मात्र माझी आहेत आणि ती तुम्हाला पटलीच पाहिजेत असं नाही.

आधी आठवडे मोजा

पूर्ण दिवसांचं बाळंतपण म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून साधारण ४० आठवडे. ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ म्हणजे अपुऱ्या दिवसांचं. अशी बहुतेक बाळं ३२ आठवड्यांनंतरची असतात आणि नीट काळजी घेतली की छान वाढतात. त्यांच्याबद्दल हा लेख नाही. हा लेख आहे २८ आठवड्यांच्या आत, आणि त्यातही २२ ते २६ आठवड्यांत जन्मलेल्या बाळांबद्दल. म्हणजे आपल्या बोलीभाषेत सहाव्या महिन्यातलं बाळ. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी हातात घ्या. साधारण तेवढंच वजन.

आपल्याकडे अजून म्हणतात, सातमाशा जगतो आणि आठमाशा जगत नाही. याला काडीचाही आधार नाही. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या बाजूनेच असतो आणि या अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत तर प्रत्येक दिवस मोलाचा असतो. तेविसाव्या आठवड्यापर्यंत फुप्फुसात हवेच्या पिशव्या आणि त्यांना लगटून असणाऱ्या रक्तवाहिन्या जेमतेम तयार होऊ लागलेल्या असतात. कातडी इतकी पातळ, की तिच्यातून पाणी उडून जातं. मेंदूतल्या काही रक्तवाहिन्या इतक्या नाजूक, की रक्तदाब थोडा वरखाली झाला तरी फुटतात. अशा बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त किती? पन्नास मिलिलिटरच्या आसपास. कटिंग चहाचा ग्लासही त्याने भरणार नाही.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. वजन विचारण्याआधी आठवडे विचारा, आणि आठवडे कशावरून मोजले तेही विचारा. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून काढलेली तारीख सगळ्यात भरवशाची. तो रिपोर्ट जपून ठेवा. शेवटच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून केलेला हिशोब एक-दोन आठवड्यांनी सहज चुकू शकतो आणि इथे एका आठवड्याने सगळं चित्र बदलतं.

साठ वर्षांत काय बदललं

ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना मुलगा झाला. साडेपाच आठवडे आधी. वजन २ किलो १०० ग्रॅम. आज अशा बाळाला तालुक्याच्या गावचे बालरोगतज्ज्ञही सांभाळतील. पॅट्रिक केनेडी जन्मानंतर ३९ तासांनी गेला. जगातल्या सगळ्यात बलाढ्य माणसाच्या बाळाला वाचवायला त्या वेळी कुणाकडेच उपाय नव्हता. त्याची फुप्फुसं श्वास सोडताना मिटून जात होती.

फुप्फुसं मिटू नयेत म्हणून त्यांना आतून एक स्निग्ध अस्तर असतं, सर्फॅक्टंट. अपुऱ्या दिवसांच्या बाळात ते कमी असतं हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्येच दाखवलं होतं. पण औषध यायला वेळ लागला. १९७१ मध्ये सतत दाबाने हवा देणारं सीपॅप आलं. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवलं, की बाळंतपणाआधी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारांनी सर्फॅक्टंट थेट बाळांच्या श्वासनलिकेत दिलं. या तीन गोष्टींनी जगभरातली लाखो बाळं वाचवली.

मग बातम्या येऊ लागल्या. जुलै २०२० मध्ये अमेरिकेत अलाबामात कर्टिस मीन्स हा मुलगा २१ आठवडे १ दिवसाचा असताना जन्मला. वजन ४२० ग्रॅम. तो जगला आणि गिनीज बुकात गेला. ही बातमी तुमच्या व्हॉट्सॲपवरही आली असेल. पण त्याच्याबरोबर जन्मलेली त्याची जुळी बहीण एका दिवसात गेली, ही ओळ सहसा पुढे पाठवली जात नाही. तेच रुग्णालय, तेच डॉक्टर, तीच आई. एक जगला, एक गेली. या आठवड्यांतल्या बाळांचं खरं चित्र या दोघांनी मिळून बनतं.

आकडे, दोन्ही बाजूंनी

ब्रिटनमधल्या नवजात-तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये आईवडिलांशी बोलताना वापरायला काही आकडे दिले. ते असे. जन्मतःच पूर्ण प्रयत्न केलेल्या दहा बाळांपैकी २२ आठवड्यांची साधारण तीन, २३ ची चार, २४ ची सहा, २५ ची सात आणि २६ ची आठ बाळं जगतात. जगलेल्यांपैकी मोठं अपंगत्व किती जणांना येतं? २२ आठवड्यांच्या बाळांत तिघांत एकाला, २३ मध्ये चौघांत एकाला, २४-२५ मध्ये सातांत एकाला, २६ मध्ये दहांत एकाला. मोठं अपंगत्व म्हणजे स्वतःच्या पायांनी चालता न येणं, न दिसणं, न ऐकू येणं किंवा बुद्धीची वाढ फार मागे राहणं.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. "दहातली चार जगतात" आणि "दहातली सहा जातात" हे एकच वाक्य आहे, पण पहिलं ऐकून माणूस एक निर्णय घेतो आणि दुसरं ऐकून दुसरा. डॉक्टरांनी एकच बाजू सांगितली तर दुसरी तुम्ही स्वतः बोलून बघा.

आणि हे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावू नका. ते अशा व्यवस्थेतले आहेत जिथे बहुतेक आयांना आधीच मोठ्या केंद्रात हलवलेलं असतं, इंजेक्शनं दिलेली असतात आणि बाळामागे प्रशिक्षित नर्स असते. आपल्या देशात २०२० साली सुमारे तीस लाख बाळं अपुऱ्या दिवसांची जन्मली. जगात सर्वांत जास्त. त्यांच्यातल्या बहुतेकांना लागणाऱ्या गोष्टी साध्या असतात: ऊब, आईचं दूध, जंतुसंसर्गावर वेळेत औषध. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बायकांना शिकवून घरोघरी हेच केलं आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ मध्ये जगाला दाखवलं. पण २४ आठवड्यांच्या बाळाला एवढ्याने भागत नाही. त्याला दोन-तीन महिने एनआयसीयू लागतो आणि आपल्याकडे एका शहरातल्या एनआयसीयूत जे जमतं ते शंभर किलोमीटरवरच्या दुसऱ्या ठिकाणी जमेलच असं नाही. म्हणून "अमेरिकेत वाचतं" याला फारसा अर्थ नाही. "इथे, तुमच्याकडे, या आठवड्याची किती बाळं घरी गेली?" हा खरा प्रश्न.

आठवड्यांखेरीज आणखी चार गोष्टींनी पारडं हलतं: बाळाचं वजन, मुलगी की मुलगा (मुली जास्त चिवट असतात), एकच बाळ की जुळं, आणि आईला आधी स्टेरॉइड मिळालं का. शेवटची गोष्ट आपल्या हातातली आहे, म्हणून पुढे तिच्याकडे पुन्हा येतो.

"सगळं करा" म्हणजे काय काय

फोनवर मी जे दोन शब्द बोललो त्यांचा अर्थ असा होतो. श्वासनलिकेत नळी. बेंबीतून रक्तवाहिनीत नळ्या. दिवसातून कित्येकदा टोचणं. पोटात नळी. रक्त चढवणं. मेंदूतला रक्तस्राव बघायला टाळूवरून सोनोग्राफी. हा रक्तस्राव झालाच तर बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांत होतो. मग आतड्याचा दाह, जंतुसंसर्ग, फुप्फुसं कडक होणं. डोळ्यांच्या पडद्यावर चुकीच्या रक्तवाहिन्या वाढणं. त्या वेळेत शोधून लेझर केलं नाही तर कायमचं अंधत्व. ही यादी घाबरवायला दिलेली नाही. यातून पार पडून शाळेत जाणारी मुलं मी पाहिली आहेत. पण बाळाने हे सगळं कशासाठी सोसायचं, याचं उत्तर आपल्याजवळ असायला हवं. जगण्याची खरी शक्यता असेल तर ते उत्तर आहे. ती संपली असेल तर तो फक्त छळ आहे.

भाचीचं बाळ २३ आठवडे आणि काही दिवसांचं होतं. पाणी जाऊ लागल्यावर तालुक्याहून गाडीत घालून तीन तासांनी ते शहरात पोहोचले आणि अर्ध्या तासात बाळंतपण झालं. स्टेरॉइडला वेळच मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी मेंदूच्या दोन्ही बाजूंना मोठा रक्तस्राव दिसला. बाराव्या दिवशी आतडं फाटलं. सतराव्या दिवशी पहाटे बाळ गेलं. तिसऱ्या दिवसापासून सतराव्या दिवसापर्यंत, "पुढे काय, थांबायचं का," हे वाक्य तिथल्या एकाही माणसाने उच्चारलं नाही. डॉक्टर रोज म्हणत होते, "सिरियस आहे, आमचे प्रयत्न चालू आहेत." घरचे म्हणत होते, "मामांनी सांगितलंय, सगळं करा."

निर्णय कुणाचा?

हा प्रश्न जगभर छळतो आहे. अमेरिकेत टेक्ससमध्ये १९९० साली एका जोडप्याची मुलगी २३ आठवड्यांची जन्मली. आईवडिलांनी बाळंतपणाआधीच सांगितलं होतं, अट्टहास नको. रुग्णालयाने तरी प्रयत्न केले. मुलगी जगली, पण अतिशय गंभीर अपंगत्व घेऊन. आईवडील कोर्टात गेले. ज्युरीने त्यांना प्रचंड भरपाई दिली, वरच्या कोर्टाने ती रद्द केली आणि २००३ मध्ये टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयानेही रुग्णालयाची बाजू उचलून धरली: बाळ जन्मल्याशिवाय त्याची अवस्था कळत नाही, आणि त्या घडीला उपचार करणाऱ्या डॉक्टरला संमतीसाठी थांबायला लावता येत नाही. त्याच देशात १९९४ मध्ये मिशिगनमधल्या एका डॉक्टर बापाने २५ आठवड्यांच्या स्वतःच्या मुलाचा व्हेंटिलेटर स्वतःच्या हाताने काढला. त्याच्यावर खटला भरला गेला. ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं.

देशांचंही एकमत नाही. जपान आणि स्वीडनमध्ये २२ आठवड्यांच्या बाळावरही उपचार होतात. नेदरलँड्सने ती रेषा २०१० मध्ये २५ वरून २४ वर आणली. ब्रिटनच्या नफील्ड कौन्सिलने २००६ मध्ये आठवड्यांच्या पायऱ्या सुचवल्या: २५ नंतर उपचार द्यावेत, २४ मध्ये सहसा द्यावेत, २३ मध्ये आईवडिलांच्या मताला पहिलं स्थान, २२ च्या आत देऊ नयेत. आता तिथे आठवड्याबरोबर बाकीच्या गोष्टीही धरून धोका मोजतात. सगळे सज्जन आणि हुशार लोक, पण रेषा वेगवेगळ्या. यावरून काय कळतं? हा नुसता वैद्यकाचा प्रश्न नाही. वैद्यक शक्यता सांगतं. किती शक्यतेसाठी किती सोसायचं, हे वैद्यक सांगू शकत नाही.

माझं मत

पहिलं. जिथे चांगली सोय आहे आणि बाळाची शक्यता बरी आहे, साधारण २६-२७ आठवड्यांच्या पुढे, तिथे उपचार करणं हाच नियम असावा. "एवढंसं बाळ काय जगणार," "पुढचं होईल की," "मुलगी आहे," या कारणांनी सही करून घरी नेणं मला मान्य नाही. हे हवेतलं बोलणं नाही. बारा वर्षांपूर्वी माझ्या एका पेशंटची नात २७ आठवड्यांची, नऊशे ग्रॅमची झाली. आजी मला म्हणाली, "मुलगी आहे, आणि मुठीएवढी. नेतो घरी. देवाची इच्छा." मी आजीशी भांडलो, अक्षरशः. सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये बाळ नऊ दिवस सीपॅपवर होतं. नंतर कित्येक आठवडे आईच्या छातीशी, कांगारूसारखं. डोळ्यांना लेझर करावं लागलं. आज ती सहावीत आहे. चष्मा जाड आहे, गणित कच्चं आहे आणि आजी तिला शाळेत सोडायला जाते.

दुसरं. २२ ते २५ च्या धूसर पट्ट्यात "सगळं करा" आणि "काही करू नका" या दोन्ही उत्तरांचा मान राखला पाहिजे. पूर्ण माहिती घेऊन यंत्र नको म्हणणारे आईवडील निर्दय नसतात. प्रयत्न करा म्हणणारे वेडे नसतात.

तिसरं, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं. सुरू केलेला उपचार थांबवता येतो. आपल्याकडे समजूत आहे की एकदा व्हेंटिलेटर लावला की काढणं म्हणजे मारणं. म्हणून काही लोक लावायलाच घाबरतात आणि काही लोक लावल्यावर अडकतात. उपचार मुदत घालून सुरू करता येतात. तीन दिवस करू, मेंदूची सोनोग्राफी बघू, पुन्हा बसू. बाळ साथ देत असेल तर पुढे जाऊ. यात बाळाला संधी मिळते आणि छळ लांबत नाही. विष देऊन मारणं आणि आशा संपल्यावर कृत्रिम आधार काढून घेणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अरुणा शानबाग प्रकरणात २०११ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हा फरक मान्य केला, आणि आधार काढण्याआधी डॉक्टरांच्या मंडळांनी तपासण्याची पद्धत घालून दिली. २०२३ मध्ये ती सोपी केली. त्या निकालांच्या मुळाशी मोठी माणसं होती. नवजात बाळाच्या बाबतीत तर असा निर्णय एकट्या डॉक्टरने किंवा एकट्या नातेवाइकाने कधीच घेऊ नये. एकाहून अधिक डॉक्टरांनी, आईवडिलांना सोबत घेऊन, कागदावर लिहून घ्यावा.

चौथं. यंत्र न लावणं म्हणजे काही न करणं नव्हे. बाळाला ऊब द्यायची, वेदना होऊ नये असं औषध द्यायचं, टोचणी थांबवायची आणि आईच्या कुशीत द्यायचं. हासुद्धा उपचार आहे.

पाचवं, हे माझ्या व्यवसायबंधूंसाठी. "तुम्ही ठरवा, इथे सही करा" असं म्हणून बाजूला होऊ नका. ज्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा एनआयसीयू हा शब्द ऐकलाय, त्याच्या डोक्यावर तो निर्णय आयुष्यभर बसतो. "माझं मत असं आहे, कारण हे. तुम्हाला काय वाटतं?" असं बोला. ओझं वाटून घेणं आपल्या फीमध्ये धरलेलं आहे.

आणि सहावं. आईला विचारा. ती टाके पडून दुसऱ्या मजल्यावर झोपलेली असते आणि खाली कॉरिडॉरमध्ये काका, मामा, सासरे ठरवत असतात. "तिला आत्ता काही सांगू नका, दूध आटेल," असं सांगतात. हे मीही केलं आहे.

पैशाबद्दल

लाजून गप्प बसू नका. खासगी एनआयसीयूत दिवसाला हजारो रुपये लागतात आणि मुक्काम महिन्यांचा असतो. पहिल्या आठवड्यात दागिने, दुसऱ्यात कर्ज, तिसऱ्यात जमीन आणि मग पैसे संपले म्हणून उपचार बंद, हा सगळ्यात वाईट मार्ग. कारण तिथे निर्णय बाळाच्या प्रकृतीवर नव्हे, खिशावर होतो, आणि बहुतेकदा चुकीच्या दिवशी होतो. पहिल्याच दिवशी विचारा: रोजचा अंदाज किती, किती दिवस, सरकारी केंद्रात हलवता येईल का? जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात आजारी बाळाचे उपचार वर्षाचं होईपर्यंत मोफत आहेत. जनआरोग्य योजनेत काही खासगी रुग्णालयांतही नवजात बाळांचे उपचार बसतात. आईचं दूध नसेल तर दूधपेढी आहे का विचारा. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ मध्ये आपल्या मुंबईतच, शीव रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. जिल्ह्याजिल्ह्यांतले नवजात कक्ष आणखी सुसज्ज करणं, तिथे पुरेशा नर्स देणं, हे सरकारचं काम आहे आणि ते मागणं आपलं.

जन्माआधीचे काही तास

चांगला निर्णय बाळ जन्मण्याआधी होतो. दिवस भरण्याच्या बरेच आधी पोट दुखू लागलं, पाणी गेलं, रक्त दिसलं, तर "बघू सकाळी" म्हणू नका. शक्य असेल तर बाळ पोटात असतानाच मोठ्या केंद्रात जा. आईच्या पोटासारखी ॲम्ब्युलन्स दुसरी नाही. निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, "फुप्फुसं तयार होण्याचं स्टेरॉइडचं इंजेक्शन इथेच सुरू करता येईल का?" भाचीला तालुक्यालाच पहिला डोस मिळाला असता, तर बाळ वाचलंच असतं असं मी म्हणत नाही. पण तीन तास आधीची ती एक सुई त्याच्या बाजूने असती.

आणि हे प्रश्न कागदावर लिहून न्या:

१. आज नक्की किती आठवडे, किती दिवस? कशावरून?
२. आईला स्टेरॉइड मिळालं का? किती डोस?
३. तुमच्याकडे या आठवड्याची किती बाळं येतात, किती घरी जातात?
४. आमच्या बाळासारख्या दहा बाळांचं काय होईल? किती जातील, किती जगतील, त्यातल्या किती जणांना मोठं अपंगत्व येईल?
५. उपचार सुरू केले तर पुन्हा कधी बसून बोलायचं? काय दिसलं तर तुम्ही थांबा म्हणाल?
६. यंत्र लावलं नाही तर बाळाला त्रास होऊ नये म्हणून काय कराल?
७. आईला बाळ कधी घेता येईल?

बाळ घरी आलं तर डोळ्यांची पहिली तपासणी तिसाव्या दिवसाच्या आत झाली आहे ना, हे पाहा. २८ आठवड्यांच्या आतल्या बाळांची ती दोन-तीन आठवड्यांतच व्हायला हवी. कानांची तपासणी आणि वाढीची नोंद पुढे काही वर्षं चालू ठेवा.

सातवा प्रश्न मी भाचीकडून शिकलो. बाळ गेल्यानंतर दीड-दोन महिन्यांनी ती माहेरी आली होती. चहा घेता घेता तिने विचारलं, "मामा, सतरा दिवसांत मी त्याला एकदाही घेतलं नाही. गेल्यावरच हातात दिला. मागितला असता तर दिला असता का कुणी?"

तेव्हा मी काहीतरी जंतुसंसर्गाचं कारण सांगितलं. खरं उत्तर 'हो' असं होतं. तिसऱ्या दिवसानंतर कधीही देता आला असता, नळ्यांसकट. फक्त कुणीतरी बसून तिच्याशी बोलायला हवं होतं, आणि त्या कुणीतरीत मी पहिला होतो.

हे तिला मी गेल्या वर्षी सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "लिहा तुम्ही हे. दुसऱ्या कुणाला तरी उपयोग होईल."